आमचा शनिवार परत द्या : वाचनालयाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

आदरणीय विश्वस्त आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या फलकावर एक सूचना लागली. शनिवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या दालनात मुलांसाठी अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचा, जो खेळ होत असे, तो 'मारधाडीचा, भडक आणि संस्थेच्या परंपरेला न शोभणारा' असल्याने बंद करण्यात येत आहे, असं तिच्यात म्हटलं आहे. मुलांनी घरून आणून दिलेली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची, पुस्तकं बालविभागातल्या ज्या कपाटात होती, त्याला त्याच दिवशी कुलूप लागलं. निर्णयाआधी मुलांना किंवा हा उपक्रम चालवणाऱ्या आम्हा तिघांना कोणी काही विचारलं नाही. हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण सूचनाही सगळ्यांसमोर लागली आहे, आणि ज्यांच्याबद्दल ती आहे ती मुलं येता-जाता ती वाचत आहेत.

मी आपली आजीव सभासद. सहावीत असताना वडिलांची बँकेत बदली झाली आणि आम्ही नांदेडहून वडोदऱ्याला आलो. मला गुजराती येत नव्हतं, बिल्डिंगमधल्या मुलांना मराठी येत नव्हतं. त्या दिवसांत कार्टून नेटवर्कवर हिंदीतून 'ड्रॅगन बॉल झी' ही जपानी मालिका लागायची. भाग संपला की सगळी मुलं जिन्यात जमायची आणि आज कोण गोकू, कोण वेजिटा यावरून भांडायची. मी त्या भांडणात शिरले आणि तिथेच गुजराती शिकले. त्याच वर्षी वडिलांनी माझं नाव आपल्या बालविभागात घातलं. या दोन गोष्टींमुळे मी या शहराची झाले. म्हणून वाचनालयाने अ‍ॅनिमेला दार बंद केलं हे वाचून मला जे वाटलं, ते रागापेक्षा बरंच खोल होतं.

सूचना लागल्यावर कार्यकारिणीतल्या एका काकांनी मला आवर्जून फोन केला. त्यांचा हेतू चांगला होता. म्हणाले, "अगं, जपानी सिनेमे दाखवायचेच असतील तर ते ऑस्कर मिळालेले दाखवा ना. त्याला कोण नाही म्हणेल?" काकांना हयाओ मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' अभिप्रेत होता. त्याला 2003 साली ऑस्कर मिळालं. तो अप्रतिम आहे, आणि आम्ही तो दाखवलाही आहे. पण ही तडजोड मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. मला त्या भडक, धावत्या, ओरडून बोलणाऱ्या, फिल्मी मालिकांचीच बाजू मांडायची आहे. पुरस्कार मिळालेल्या कलाकृतींना वकील लागत नाही.

काका, त्या मालिकांत काय असतं ते आधी सांगते, कारण सूचना लिहिणाऱ्यांपैकी कोणी एकही भाग पूर्ण पाहिल्याचं मला ठाऊक नाही. एक पोरगा असतो, बहुधा अनाथ किंवा सगळ्यांनी ओवाळून टाकलेला. त्याला एक अशक्य स्वप्न असतं आणि ते तो भेटेल त्याला मोठ्याने सांगतो. शत्रू येतो. पोरगा मार खातो. शत्रू हसून सांगतो की आत्तापर्यंत मी माझी निम्मीही ताकद वापरली नव्हती. मग पोरग्याला मित्र आठवतात, गुरू आठवतो, पार्श्वसंगीत चढतं, केस उभे राहतात, तो आपल्या घावाचं नाव आकाश फाटेल असं ओरडतो आणि डोंगर फुटतो. हे सगळं पंचवीस मिनिटांच्या आत, सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं धरून, आणि भाग नेमका अशा जागी तुटतो की पुढचा पाहिल्याशिवाय राहवू नये.

हे बटबटीत आहे. मी ते नाकारत नाही, आणि मुलंही नाकारत नाहीत. त्यांना ते कळतं आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ते हवं असतं. तेरा-चौदाव्या वर्षी मूल काय काय लपवत असतं ते आठवून पाहा. गणितात किती मिळाले ते लपवायचं, भीती लपवायची, रडू लपवायचं, कोणीतरी आपल्याला जिवाभावाचं वाटतं हे तर कधी बोलायचंच नाही. शाळेत कोणी मित्राला म्हणालं, "तू नसतास तर मी हरलो असतो," तर वर्ग महिनाभर त्याची टर उडवेल. या मालिकांत नायक तेच वाक्य भर लढाईत, डोळ्यांत पाणी आणून म्हणतो आणि त्याला कोणी हसत नाही. हिरो माशिमांची 'फेअरी टेल' मांगा 2006 ते 2017 अशी चालली आणि तिच्यावर टीका हीच होते की दर वेळी मैत्रीच्या जोरावर लढाई जिंकली जाते. आमच्या शनिवारच्या मुलांना तीच गोष्ट सगळ्यात आवडते. दिवसभर ज्या भावनेला कुठे जागा नाही, ती इथे तोंड भरून बोलली जाते. सूक्ष्म, संयत, सूचक कलेची गोडी पुढे लागेल, लागायलाच हवी. पण ज्याला अजून स्वतःचं दुःख स्वतःपाशीही बोलता येत नाही, त्याला आधी कोणीतरी ओरडून बोलताना ऐकू द्या.

'नारुतो' घ्या. मासाशी किशिमोतोंची ही मांगा 1999 ते 2014 चालली. ज्या पोराकडे अख्खं गाव पाठ फिरवतं, त्याला गावाचा प्रमुख व्हायचं आहे. पहिल्याच भागात एक शिक्षक त्याला सांगतात की मी तुला ओळखतो, तू काय सोसलंस ते मला माहीत आहे. तो भाग आमच्या दालनात लावला तेव्हा मागच्या रांगेत बसणारा, कधीच न बोलणारा मुलगा पुढच्या शनिवारी पहिल्या रांगेत येऊन बसला. त्याच्या घरी काय चाललं होतं ते मी इथे लिहिणार नाही. त्याचं नाव आपल्या सभासद नोंदवहीत आहे आणि तो आता पुस्तकंही नेतो.

आणि मुली. हाजिमे कान्झाकांच्या कादंबऱ्यांवरून 1995 मध्ये आलेली 'स्लेयर्स' ही तलवार-जादूची मालिका आज जुनीपानी, स्वस्तातली वाटेल. तिची नायिका लीना चिडकी आहे, खादाड आहे, पैशाची हावरी आहे, दरोडेखोरांना लुटते, आणि तिचा एक मंत्र चुकला तर अख्खं गाव सपाट होतं. तरीही जगाला वाचवायची वेळ येते तेव्हा तीच पुढे उभी राहते. आमच्याकडच्या नववीतल्या एका मुलीने भाग संपल्यावर विचारलं होतं, "म्हणजे हिला शेवटी कोणी सुधारत नाही?" नाही, कोणी सुधारत नाही. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचं समाधान आपण पाहायला हवं होतं. बालविभागातल्या पुस्तकांमध्ये अशी किती मुलगी-पात्रं सापडतात, ते कृपया एकदा कपाटं उघडून बघावं.

सूचनेत 'मारधाड' हा शब्द आहे. हो, लढाया असतात. पण या मालिकांचा निम्मा वेळ लढाईच्या आधीच्या मेहनतीत जातो, हे न पाहणाऱ्याला कळायचं नाही. 'ड्रॅगन बॉल'मध्ये गोकू आणि त्याचा मित्र पाठीवर वीस किलोचं कासवाचं कवच बांधून पहाटे दूध घालत फिरतात. गुरूने कुस्तीचा एकही डाव शिकवण्याआधी हे काम लावलेलं असतं. 'नारुतो'मधल्या रॉक ली या मुलाला कुठलीच जादू येत नाही, तेव्हा तो पायांना वजनं बांधून नुसत्या शरीराच्या बळावर बाकीच्यांच्या बरोबरीला येतो. या मालिकांपैकी कितीतरी ज्या साप्ताहिकातून आल्या, त्या 'शोनेन जंप'ने आपलं सूत्रच तीन शब्दांत सांगून ठेवलं आहे : मैत्री, मेहनत, विजय. हे आपल्या शहराला परकं आहे का? जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलं, व्यायामाचार्य प्रोफेसर माणिकराव इथले. सयाजीबागेतल्या संग्रहालयात तो सुमारे 1200 किलोचा दगड ठेवला आहे, जो गामा पैलवानाने 1902 मध्ये उचलला असं त्यावर कोरलेलं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी आपल्या मुलांना तो दगड दाखवायला नेलं असेल. कोणी त्यांना असं सांगितलं नसेल की हा माणूस भडक होता. आमची मुलं गोकूकडे त्याच डोळ्यांनी बघतात.

आता परंपरेबद्दल. हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला, कारण या शहराची परंपरा नेमकी उलट बाजूला उभी आहे.

दादासाहेब फाळके आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण हे सगळं त्यांनी इथे हाताळलं. त्यांनी पुढे काय केलं? 1917 मध्ये 'लंकादहन' आणि 1919 मध्ये 'कालिया मर्दन' असे सिनेमे काढले. उडणारा हनुमान, जळणारी लंका, पाण्याखाली नागाशी झुंजणारा बाळकृष्ण. तो बाळकृष्ण त्यांच्याच मुलीने, मंदाकिनीने केला होता. पडद्यावर अशक्य ते शक्य करून दाखवायचं आणि प्रेक्षकाचा श्वास अडकवायचा, हेच त्यांचं काम होतं. 1915 च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला, त्यात काड्या एकेक चौकट घेऊन हलवल्या होत्या. आपल्या देशातल्या अ‍ॅनिमेशनची सुरुवात सांगताना त्याचंच नाव घेतलं जातं. म्हणजे कलाभवनात शिकलेल्या एका मराठी माणसाने हलत्या चित्रांचा हा खेळ या देशात मांडला, आणि त्याच शहरातलं मराठी वाचनालय आता म्हणतं की हलती चित्रं आमच्या परंपरेत बसत नाहीत.

गायकवाड घराण्याच्या स्मारकात, इथल्या कीर्ती मंदिरात, जाऊन भिंतीकडे बघावं. नंदलाल बोसांनी तिथे कुरुक्षेत्राचं युद्ध रंगवलं आहे. घोडे, रथ, धनुष्यं यांची एकच गर्दी उसळलेली आहे. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक प्रसंग रंगवून घेतले, तेही शांत आणि संयत म्हणून घेतले नव्हते. आपल्या घरांतून श्रीधराचे 'पांडवप्रताप' आणि 'हरिविजय' मोठ्याने वाचले जात, माझ्या आजीनेही वाचले. त्यात वीर एकमेकांवर अस्त्र सोडतात तेव्हा त्या अस्त्राला नाव असतं, मंत्र असतो, समोरच्याला त्याची तोड माहीत असते आणि ऐकणारी सगळी मंडळी माना हलवतात. गोकू आपल्या घावाचं नाव, 'कामेहामेहा', ओरडतो तेव्हा माझ्यासारखीला काहीच नवीन वाटत नाही. मी जपानी मालिकेला पुराणाच्या शेजारी बसवत नाही. त्यांची खोली वेगळी, त्यांचं काम वेगळं. पण अद्भुताची आणि आवेशाची ही ओढ एकच आहे, आणि ती या मुलांनी कुठून बाहेरून आणलेली नाही.

आणि वाचनालयांची परंपरा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डेन यांना बोलावून आणलं आणि राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता. आणि त्याच ग्रंथालय खात्यात एक स्वतंत्र शाखा होती, जी लोकांना फुकट सिनेमा, मॅजिक लँटर्नची चित्रं दाखवत फिरायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ग्रंथालयाने काहीतरी द्यावं, अशी त्यामागची समजूत होती. शंभर वर्षांपूर्वी या राज्याच्या ग्रंथालय खात्याला पडदा आणि पुस्तक एकमेकांचे वैरी वाटले नाहीत. ते आज आपल्याला का वाटावेत?

'परकं' हाही आक्षेप मी तोंडी ऐकला. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा तेव्हा आपल्यापैकी बरेच जण मुलांसोबत बसून तो बघत होते. ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती. जपानी दिग्दर्शक युगो साको आणि आपले अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांच्या सहभागाने 1992 मध्ये पूर्ण झालेला रामायणावरचा अ‍ॅनिमेशनपट 2025 च्या जानेवारीत पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा तो पाहायला चला म्हणून आपल्याच सभासदांच्या गटात निरोप फिरत होते. मीही गेले होते. त्यातल्या राक्षसांच्या लढाया ज्या हातांनी, ज्या पद्धतीने काढल्या, तीच पद्धत या मालिकांची. आणि 'ड्रॅगन बॉल'चा गोकू मुळात कोण? सोळाव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीतलं वानर. ते वानर एका भिक्खूला सोबत करत भारतात धर्मग्रंथ आणायला येतं. तो भिक्खू म्हणजे ह्युएनत्संग, जो सातव्या शतकात खरोखर इथे आला आणि आपल्या भरूचबद्दलही लिहून गेला. गोष्टींच्या येण्याजाण्याला कधी असा अटकाव झाला नाही. अकिरा तोरियामांनी 1984 मध्ये ते वानर मुलगा करून चितारलं आणि ते फिरून आपल्या दालनात आलं.

एक गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे, कारण ती या उपक्रमाच्या गाभ्याची आहे आणि बाहेरून दिसत नाही. आम्ही नुसता भाग लावून बसत नव्हतो. ओसामू तेझुकांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' 1963 मध्ये जपानी टीव्हीवर आली. दर आठवड्याला अर्धा तास भरायचा, आणि पैसा अगदी थोडा. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. तेवढी चित्रं काढणं शक्य नव्हतं, म्हणून एकच चित्र तीन-तीन चौकटी ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं, कधी त्याहून कमी. बोलताना फक्त तोंड हलवायचं, बाकी चेहरा तसाच. एकदा काढलेलं दृश्य पुन्हा पुन्हा वापरायचं. स्थिर चित्रामागे वेगाच्या रेषा सरकवायच्या की वाटतं पात्र उडतं आहे. आणि अशी वाचवलेली सगळी मेहनत मोक्याच्या एका लढाईवर ओतायची. तिथे अचानक हात-पाय, कपडे, धूळ सगळं जिवंत होतं. या मालिकांचा जो वेग मुलांना खेचतो तो असा गरिबीतून, हिकमतीतून आला आहे. आम्ही भाग थांबवून मुलांना हे दाखवायचो. कुठे चित्रं वाचवली, कुठे उधळली, हे ती आता स्वतः ओळखतात. 'ड्रॅगन बॉल झी'मध्ये पाच मिनिटांत ग्रह फुटणार असं खलनायक सांगतो आणि ती पाच मिनिटं कित्येक भाग संपत नाहीत. असं का? तर मांगा दर आठवड्याला जेवढी पुढे जायची तिला मालिका गाठू लागली होती, म्हणून ताणावं लागलं. हे कळल्यावर मुलं गोष्ट कशी बांधतात आणि कशी फसते यावर बोलायला लागली. एक मुलगी आता फाइन आर्ट्सच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. 1950 मध्ये सुरू झालेली ती विद्याशाखा आपल्या शहराचं भूषण म्हणून आपण दर भाषणात सांगतो. त्या मुलीने पहिली रेघ आपल्याच दालनात, स्थिर केलेल्या पडद्यासमोर बसून ओढली.

आणि मराठी. वार्षिक सभेत दर वर्षी कोणीतरी उठून विचारतं की नव्या पिढीचं मराठी कुठे गेलं. ही मुलं घरी आईशी मराठी बोलतात, बाकी दिवस गुजराती, हिंदी, इंग्रजी. मराठीत भांडायची, बाजू मांडायची, रंगून गोष्ट सांगायची वेळच त्यांच्यावर येत नाही. आमच्या शनिवारचा एकच नियम होता : भाग कुठल्याही भाषेत पाहा, पण झाल्यावर गोष्ट मराठीतून सांगायची आणि वादही मराठीतूनच घालायचा. सुरुवातीला अडखळायची. नंतर दिवे लावायची वेळ झाली तरी जिन्यात वाद चालू असायचा आणि पालक खाली स्कूटरवर वाट बघत असायचे. शब्द सापडेना की ती आम्हाला विचारायची, आम्हालाही सापडला नाही की कोशाच्या कपाटाकडे धावायची. कोशाच्या कपाटाकडे मुलं धावत जाताना आपण शेवटची कधी पाहिली होती?

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा वाचनालयात ओल शिरली होती. खालच्या फडताळातली पुस्तकं वर नेणारी, पानांमध्ये कागद घालून वाळवत बसणारी याच शनिवारची मुलं होती. तेव्हा आपण त्यांचं कौतुक केलंत, फलकावर त्यांची नावं लावलीत. त्याच फलकावर आता ही सूचना आहे. मुलांना या दोन्ही कागदांचा मेळ लावता येत नाही, आणि त्यांनी मला विचारलं तेव्हा मलाही त्यांना उत्तर देता आलं नाही.

जे खरे प्रश्न आहेत ते मी टाळत नाही. या प्रकारात पुष्कळ मालिका अशा आहेत की ज्या मुलांना दाखवू नयेत. काहींत रक्तपात फार असतो, काहींत मुलींच्या देहावरून केलेले हलके विनोद असतात, काही तर निव्वळ कंटाळवाण्या नक्कल असतात. आम्ही प्रत्येक भाग आधी स्वतः पाहून निवडत होतो. 'डीमन स्लेयर' राक्षसांची मुंडकी उडवते म्हणून धाकट्या गटाला ती कधीच दाखवली नाही. यावर कार्यकारिणीने देखरेख ठेवावी, यादी आधी मागावी, एखादी मालिका कारण देऊन नाकारावी, हे सगळं मला मान्य आहे. सार्वजनिक ठिकाणी दाखवण्याच्या परवानगीचा प्रश्न कोणी काढला असता तर मी तोही रास्त मानला असता आणि आपल्यासोबत बसून त्याचा निकाल लावला असता. सूचनेत यातलं काहीच नाही. सूचनेत फक्त मुलांच्या आवडीवर मारलेला शिक्का आहे, आणि तो शिक्का मुलांनी वाचला आहे. त्यांना त्यातून एवढंच कळलं की तुम्हाला जे आवडतं ते हलकं आहे, आणि म्हणून तुम्हीही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. मांगाच्या कपाटाचं कुलूप लगेच काढावं. ती पुस्तकं मुलांची आहेत, त्यांनी ती विश्वासाने दिली होती, आणि ती वाचायला कुठल्याही पडद्याची गरज नाही. शनिवारचा खेळ बंद करण्याचा ठराव पुढच्या बैठकीत पुन्हा चर्चेला घ्यावा आणि त्या बैठकीला मुलांचे दोन प्रतिनिधी बोलवावेत, त्यांना पूर्ण बोलू द्यावं. मालिका निवडण्यासाठी पालक, कार्यकारिणी आणि आम्ही अशी छोटी समिती नेमावी. वयोगट ठरवावेत, परवानगीची बाब तिनेच तडीस न्यावी. 'केवळ पुरस्कारप्राप्त चित्रपट' अशी अट घालू नये. ती घातली तर आम्ही हा उपक्रम चालवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. फलकावरची सूचना काढावी, किंवा निदान तिच्यातले 'भडक' आणि 'परंपरेला न शोभणारा' हे शब्द मागे घ्यावेत. आणि निर्णय घेण्याआधी कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याने मुलांमध्ये बसून एक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा. कुठला दाखवायचा ते मुलं ठरवतील. नंतरच्या मराठी वादातही आपण भाग घ्यावा, मुलांना आवडेल.

उत्तर मला पत्राने पाठवू नये. ते फलकावरच लावावं, आणि मुलांना वाचता येईल एवढ्या खाली लावावं.

आपली,
एक आजीव सभासद, वडोदरा